पॉइंट्स गेले, बिल राहिलं!

महिन्याची तीन तारीख. सकाळची ठाणे-वाशी लोकल, एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात मोबाइल. ऐरोली यायला पाच मिनिटं होती आणि तेवढ्यात आमच्या ऑफिसातल्या पॉइंट-पंडिताचा मेसेज टपकला : 'तुझे पॉइंट्स ट्रान्सफर केलेस ना? परवापासून नवे रूल्स लागले.'

नवे रूल्स? कसले नवे रूल्स?

उत्तर माझ्याच मेलबॉक्समध्ये होतं, 'प्रमोशन्स' नावाच्या अडगळीच्या खोलीत. कुर्त्यांवर ५० टक्के सूट आणि दुसरा पिझ्झा फ्री यांच्या मधोमध बँकेचा सभ्य इंग्रजीतला मेल पहुडला होता. एक महिन्यापूर्वीच आलेला. 'ग्राहकांना अधिक चांगला अनुभव देण्यासाठी' माझ्या कार्डाची रिवॉर्ड योजना मागे घेण्यात येत होती. माइलस्टोनचे बोनस पॉइंट्स बंद. लाउंज बंद. आणि आतापर्यंत एका पॉइंटला विमान कंपनीचा एक माइल मिळायचा, तिथे आता दोन पॉइंट्सना एक. महिना संपायच्या आत ट्रान्सफर केले असते तर जुना भाव मिळाला असता.

माझ्याकडे होते १ लाख ४६ हजार पॉइंट्स. ३० तारखेला रात्री झोपले तेव्हा ते १ लाख ४६ हजार माइल्स होते. एक तारखेला उठले तेव्हा ७३ हजार. मधल्या वेळात मी फक्त झोपले होते!

बँकेचं नाव सांगत नाही. त्यांनी मला फसवलं असंही म्हणता येत नाही. कार्ड घेताना ज्या अटींवर 'आय ॲग्री' म्हणून टिचकी मारली, त्यात एक ओळ असतेच : ही योजना केव्हाही बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा अधिकार बँकेकडे राहील. ती ओळ कुणी वाचतं का? मी तरी नव्हती वाचली.

आईला झोपून न्यायचं होतं

कार्ड घेतलं २०२२ मध्ये. वर्षाची फी पाच हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. नवरा म्हणाला, 'फुकटचं ५,९०० कशाला?' मी म्हटलं, 'अरे, वेलकम पॉइंट्सच दहा हजार आहेत!' तो गप्प बसला, आणि मला वाटलं मी जिंकले.

पण माझा खरा हिशेब वेगळा होता. दादा लंडनला असतो. त्याची दोन पोरं आजीला फक्त स्क्रीनवर ओळखतात. बाबा गेल्यापासून आई डोंबिवलीला एकटी, आणि तिचे गुडघे असे की ठाण्याला माझ्याकडे यायचं तरी दोनदा विचार करते. मुंबई-लंडन म्हणजे नऊ-दहा तास. तेवढा वेळ पाय दुमडून बसणं तिला अशक्य. बिझनेस क्लासची आडवी होणारी सीट पैसे देऊन घेणं आम्हाला अशक्य. पण माइल्सवर? जाऊन-येऊन साधारण १ लाख ४० हजार माइल्स आणि वरचे टॅक्स. जमण्यासारखं होतं!

मी आईला सांगूनही टाकलं : 'आई, तू लंडनला झोपून जाणार आहेस.'

ती म्हणाली, 'बरं.' आणि शेजारच्या काकूंना सांगितलं. मग त्या काकूंनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

त्यानंतरची तीन वर्षं मी पॉइंट्समय झाले. ग्रुपबरोबर जेवायला गेलं की वेटर बिल घेऊन टेबलापर्यंत पोचायच्या आत माझं कार्ड बाहेर. 'मी देते, तुम्ही मला जीपे करा!' सगळ्यांना मी जाम दिलदार वाटायचे. मी मनात गुणाकार करत असायचे. मावसबहिणीच्या लग्नाच्या साड्या माझ्या कार्डावर, ऑफिसच्या ट्रिपची तिकिटं माझ्या कार्डावर. एका मैत्रिणीचे ४,२०० अजून यायचे आहेत आणि आता मागायचे तरी कसे?

मार्च महिना सगळ्यात धोक्याचा. वर्षाला सहा लाखांचा टप्पा गाठला की २० हजार बोनस पॉइंट्स. एका मार्चमध्ये मला थोडे कमी पडत होते. मग काय, एअर फ्रायर आला, गिफ्ट व्हाउचर्स आली. एअर फ्रायरमध्ये आजवर तीनदा फ्रेंच फ्राइज झाले. व्हाउचर्सची मुदत संपली.

पॉइंट्स अर्धे झाल्यावर त्या रविवारी नवऱ्याने लॅपटॉप उघडला. तीन वर्षांची फी १७,७००. न वापरलेली व्हाउचर्स ८,०००. एअर फ्रायर ७,४००. एकदा तारीख हुकली त्याचं व्याज, लेट फी आणि त्यावरचा जीएसटी २,९००. बेरीज ३६ हजार. तो काही बोलला नाही. फाइल सेव्ह करताना नाव मात्र दिलं, 'फुकट'.

मी एकटी नाही

पॉइंट्सवाल्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशर जमिनीवर आली आणि त्यांच्या किंग क्लबचे माइल्स जमवणारे हात चोळत बसले. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. तेव्हा माइल्स पुसले गेले नाहीत, कारण जेटप्रिव्हिलेज ही कंपनी वेगळी होती. त्याच वर्षी तिचं नाव इंटरमाइल्स झालं. पण ज्या विमानांत बसायला ते माइल्स जमवले, ती विमानंच उरली नव्हती. लोकांनी मग माइल्सवर इतर कंपन्यांची तिकिटं, हॉटेलं, नाहीतर वस्तू घेतल्या.

सिटी बँकेनं २०२१ मध्ये भारतातला किरकोळ व्यवसाय विकायचं जाहीर केलं आणि १ मार्च २०२३ ला तो ॲक्सिस बँकेकडे गेला. वर्षानुवर्षं सिटीचं प्रीमिअर माइल्स कार्ड मिरवणारे माझे दोन सीनिअर्स नंतर नव्या नावाचं कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघत होते. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ पासून एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत गेले, पण एसबीआय, ॲक्सिस, आयडीएफसी फर्स्ट यांची विस्ताराच्या नावाची कार्डं पुढे टप्प्याटप्प्यानं गुंडाळायला घेतली गेली.

आणि पॉइंटवाल्यांच्या जगात जो दिवस अजून सुतक असल्यासारखा आठवतात तो १ सप्टेंबर २०२३. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केला की २५ हजार पॉइंट्स मिळत. लोकांनी अक्षरशः त्यासाठी खर्च शोधून काढले होते. त्या दिवसापासून ते बंद झाले. पाच पॉइंट्सना चार माइल्स मिळायचे तिथे दोन मिळायला लागले. फी मात्र १० हजारांवरून साडेबारा हजार झाली! आमच्या पॉइंट-पंडितानं ऑगस्ट महिनाभर रात्री जागून सगळे पॉइंट्स बाहेर काढले होते. तेव्हा मी त्याला हसले होते.

हे पैसे येतात कुठून?

हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता, खरंच सांगते. मॉलमधल्या कार्डवाल्या मुलाला पडू नये हे समजू शकतं, पण मी कॉमर्सची आहे.

तर फंडा असा. तुम्ही १०० रुपयांचं बिल क्रेडिट कार्डानं भरता तेव्हा दुकानदाराला पूर्ण शंभर मिळत नाहीत. साधारण दोन रुपयांच्या आसपास कापले जातात. त्यातला मोठा वाटा तुमचं कार्ड देणाऱ्या बँकेचा, उरलेला दुकानात मशीन लावणाऱ्या बँकेचा आणि व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कचा. बँक आपल्या वाट्यातून तुम्हाला थोडा चारा टाकते, तोच रिवॉर्ड पॉइंट. माझ्यासारखी बाई जेव्हा त्या पॉइंटचे भारीत भारी माइल्स करून घेते, तेव्हा बँक माझ्या स्वाइपवर कमावण्याऐवजी घालवायला लागते. अशा बायका वाढल्या की मेल येतो. 'अधिक चांगला अनुभव' देण्यासाठी!

२०२२ मध्ये घरभाड्याचं हेच झालं. लोक कार्डानं भाडं भरून पॉइंट्स घेत होते, काही तर मित्रालाच घरमालक करून. आयसीआयसीआय बँकेनं त्या ऑक्टोबरपासून त्यावर एक टक्का शुल्क लावलं, पाठोपाठ इतरांनीही लावलं.

पण मग घालवूनही बँका योजना चालवतात कशा? कारण कार्डाचा धंदा माझ्या स्वाइपवर चालतच नाही. तो चालतो बिल पूर्ण न भरणाऱ्यांच्या व्याजावर.

हे मला पंडितानं नाही, आमच्या टीममधल्या ज्युनिअरनं शिकवलं. त्याला ते माहीत नव्हतं एवढंच.

कोल्हापूरचा मुलगा. पहिली नोकरी, घणसोलीला तिघांत एक रूम. त्यानं कार्ड घ्यावं म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. 'अरे घे रे, सही कार्ड आहे!' माझ्या लिंकवरून अर्ज केला की मला चार हजार पॉइंट्स. त्यानं केला. मला मिळाले.

योजना बंद झाल्याच्या आठवड्यात कँटीनमध्ये मी तावातावानं बोलत होते. तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, 'ताई, पॉइंट्सचं जाऊ दे. कार्ड बंद करायचं तर आधी काय करायला लागतं?'

'आउटस्टँडिंग किती आहे?'

'शहाऐंशी हजार.'

मी चहाचा कप खाली ठेवला.

'पण मी मिनिमम भरतोय की दर महिन्याला,' तो म्हणाला. 'एकदाबी चुकलो नाही.'

हे त्यानं अभिमानानं सांगितलं होतं. लेट फी कधी पडली नाही, बँकेचा फोन कधी आला नाही. मी टिश्यू पेपरवर हिशेब केला. ८६ हजारांवर मिनिमम साधारण पाच टक्के, म्हणजे ४,३००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,०१०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५४२. म्हणजे तो ४,३०० भरतो तेव्हा मुद्दल कमी होतं ७४८ रुपयांनी!

'सातशे अठ्ठेचाळीस?' त्यानं टिश्यू स्वतःकडे ओढून पुन्हा बेरीज केली.

वर आणखी एक गोष्ट होती, जी त्याला कुणी सांगितली नव्हती. मीही नाही. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की नव्या खरेदीला ते प्रसिद्ध ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत. व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू. म्हणजे टप्पा गाठायला त्यानं जो मोबाइल घेतला आणि जी गावची किराणा बिलं भरली, त्या सगळ्यावर पहिल्या दिवसापासून मीटर चालू होता. साडेतीन टक्के ऐकायला लहान वाटतं. वर्षाला ते ४२ टक्के होतं.

मी एअरपोर्टच्या लाउंजमध्ये बसून 'फुकट' डोसा खात होते ना, त्याचं बिल असं कुठेतरी घणसोलीत भरलं जात होतं.

त्याच्या सॅलरी अकाउंटवर पर्सनल लोन मिळत होतं, १६ टक्क्यांनी. बारा महिने, हप्ता ७,८०० च्या आसपास. हप्ता जड आहे, पण बारा महिन्यांनी संपणारा आहे. ते घेतलं, कार्डाची बाकी एका दमात फेडली आणि तिथेच बसून कार्ड बंद करायचा अर्ज टाकला. लोनची प्रोसेसिंग फी मी भरली. तो नको म्हणत होता.

'तुझ्या अर्जाचे मला चार हजार पॉइंट्स मिळाले होते,' मी शेवटी सांगून टाकलं.

'माहितीये की ताई,' तो म्हणाला. 'अर्ज करताना दिसतं ते स्क्रीनवर.'

तुम्हालाही आला असेल तो मेल...

तर प्रमोशन्सची खोली आज एकदा उघडून बघा. मेल आला असेल तर पहिल्यांदा तारीख शोधा. नवे नियम ज्या तारखेला लागतात तिच्या बरंच आधी ट्रान्सफर करा, कारण माइल्स विमान कंपनीच्या खात्यात पोचायला काही वेळा दिवस लागतात आणि शेवटच्या रात्री ॲप मान टाकतं. एकदा माइल्स तिकडे गेले की बँकेचा हात तिथे पोचत नाही. विमान कंपनीचा पोचतो, हे वर लिहिलंच आहे. म्हणून तिकीट काढायचा बेत नसेल तर उगाच हलवू नका. साधं व्हाउचर घ्या, नाहीतर स्टेटमेंटमध्ये वळते करा. भाव पडेल, पण हातात काहीतरी पडेल.

कार्ड बंद करायचं असेल तर आधी पॉइंट्स संपवा, मग अर्ज. उलटं केलंत तर बहुतेक ठिकाणी पॉइंट्स कार्डाबरोबरच जातात. आणि अर्ज करताना कस्टमर केअरची बाई 'मॅम, वर्षभर फी माफ करू का?' असं विचारते, तेव्हा आधी गप्प राहून सगळं ऐकून घ्या. एका मैत्रिणीला तसं खरंच माफ झालं.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथे आपल्या बाजूचे आहेत. शुल्कात बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं, आणि तो बदल तुमच्या तोट्याचा असेल तर कार्ड परत करायला वेगळा आकार घेता येत नाही. काही बाकी नसताना तुम्ही बंद करायचा अर्ज केलात तर बँकेनं तो कामाचे सात दिवस उलटायच्या आत पार पाडायचा. नाही पाडला तर दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. अर्ज लेखी करा, नंबर जपून ठेवा. ज्युनिअरचं कार्ड पाचव्या दिवशी बंद झालं. (मी कॅलेंडरवर आठव्या दिवसाला गोल करून ठेवला होता, थोडी निराशाच झाली.)

माझ्या स्वतःच्या फोनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'मॅम, आम्ही तीस दिवस आधी ई-मेल केला होता.' मी म्हटलं, 'तो प्रमोशन्समध्ये गेला.' ती म्हणाली, 'मॅम, आणखी काही मदत करू शकते?' तिचा तरी काय दोष?

डोंबिवलीत

आईला सांगायला मी दोन रविवार लावले. तिसऱ्या रविवारी पोळ्या लाटता लाटता तिनंच विचारलं, 'अगं, त्या विमानाचं काय झालं?'

सगळं सांगितलं. मेल, तारीख, अर्धे झालेले पॉइंट्स. तिनं शांतपणे ऐकलं. माझी आई आमच्या बिल्डिंगमध्ये बावीस वर्षं भिशी चालवते. बारा बायका, दर महिन्याच्या पाच तारखेला चिठ्ठी. नोटाबंदीत चुकली नाही, कोविडमध्ये तर पिशवी दोरीनं वरून खाली सोडून चालली.

'म्हणजे तू आधी पैसे भरलेस, आणि तुझी पाळी आली तेव्हा त्यांनी नियम बदलला?'

'तसंच काहीसं.'

'मी असं केलं असतं तर बायकांनी मला जिन्यात गाठलं असतं गं,' ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. मग थोड्या वेळानं, 'आणि त्या कोल्हापूरच्या पोराचं काय?' त्याच्याबद्दल मी ओझरतंच बोलले होते. पूर्ण सांगितलं. ते तिला माझ्या पॉइंट्सपेक्षा जास्त लागलं. 'त्याला एकदा जेवायला आण,' एवढंच म्हणाली.

७३ हजारांत एका बाजूचं बिझनेस क्लास बसतं. दुसरी बाजू साध्या क्लासची, ती दादा काढणार. एअरपोर्टवर व्हीलचेअर दोन्हीकडे सांगून ठेवायची. मी गृहीत धरलं होतं की आई जाताना आरामात जाईल. मी तसं बुकिंग उघडूनही बसले होते.

'नको,' आई म्हणाली. 'जाताना मी बसून जाईन. पोरं भेटायची असतात तेव्हा गुडघे बोलत नाहीत. येताना झोपून येते. तेव्हा लागेल मला.'

परतीची सीट मिळाली, पण आईला हवी होती त्यापेक्षा नऊ दिवस उशिराची. दादानं तिचा मुक्काम नऊ दिवसांनी वाढवला. भिशीची एक चिठ्ठी आता माझ्या हातून निघणार आहे, पाच तारखेला, संध्याकाळी साडेपाचला. आईनं मला वही दिली आहे आणि दोनदा बजावलंय, वेळेवर ये.